एकोणीस नंबरची विहीर

मी एक जुनी विंधन विहीर आहे. पण मित्रांनो, माझे पाणी आजवर कोणी प्यायलेले नाही. मला खणले तेच मुळी तहान भागवायला नव्हे, तपासून बघायला. विहिरीच्या जातीत जन्म घ्यायचा आणि एकाही तहानलेल्याच्या उपयोगी पडायचे नाही, याचे मला तरुणपणी फार वाईट वाटे. आता वाटत नाही. आता वाईट वाटायला दुसऱ्या गोष्टी आहेत.

माझा मुक्काम अमेरिकेतल्या वायोमिंगच्या माळावर. करडी झुडपे, कुंपणाच्या तारा आणि वारा, एवढाच इथला शेजार. वरच्या अंगाला सपाट माथ्याची एक टेकडी आहे. ती देवाने केलेली नाही, माणसांनी केली. तिथे एके काळी गिरणी होती. पिठाची नव्हे, युरेनियमची. खाणीतला दगड दळायचा, आम्लात भिजवायचा, त्यातून निघालेली पिवळी पूड पिंपांत भरून पाठवायची आणि उरलेला गाळ तळ्यात सोडायचा. पुढे पूड गेली, गिरणी मोडली, कामगार गेले, त्यांच्या मुलांची शाळाही बंद झाली. गाळ तेवढा राहिला. त्यावर माती आणि दगड रचून ही टेकडी केली. वरून सगळे झाकले गेले. पण खाली मुरलेले पाणी कोणाचे ऐकते? ते जमिनीखालून, उताराउताराने, मुंगीच्या पावलांनी चालत राहते.

माझ्या खालच्या अंगाला, अर्ध्या मैलावर, मायटे इरिबेरी या मेंढपाळ बाईची विहीर आहे. ती खरी विहीर. तिच्यावर पवनचक्की, पुढे लांबलचक हौद आणि हौदावर चौदाशे मेंढ्या. मायटेचे आजोबा युरोपातल्या बास्क मुलखातून दुसऱ्याच्या मेंढ्या राखायला इथे आले आणि स्वतःचा कळप करून इथेच मेले. तेव्हापासून घरच्या नळालाही तेच पाणी. टेकडी आणि ती विहीर यांच्या बरोबर मध्ये मी आहे. टेकडीतले वाईट पाणी निघालेच, तर आधी माझ्यात येणार, मग मायटेकडे जाणार. मी वेळेवर सांगितले तर ती वाचणार. जन्मभराचे काम म्हणाल तर मला एवढेच.

मला एका दिवसात नव्वद फूट खोल पाडले. मनगटाएवढी बारीक नळी, तळाशी तिला चिरा, भोवती वाळू, वर चिकणमाती, मग सिमेंट. जमिनीवर कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी गळा, त्याला झाकण आणि कुलूप. गिरणीच्या कंपनीच्या वर्न ओल्डरॉइडने माझ्या गळ्यावर पांढऱ्या रंगाने १९ असा आकडा काढला. वर्न दर हंगामाला येई आणि पाण्याचा नमुना नेई. पण आल्या आल्या बाटली भरत नसे. नळीत महिनोन्‌महिने उभे राहिलेले पाणी खोटे असते. ते गंजाशी आणि हवेशी इतके दिवस बोलत बसते, की जमिनीची बातमी विसरून जाते. म्हणून आधी नळीभर पाण्याच्या तिप्पट उपसून टाकायचे आणि मग जे ताजे झिरपेल ते बाटलीत घ्यायचे, असा नियम. वर्न म्हणे, "पाहुणा दारात बोलतो ते सगळं हवापाण्याचं. खरं काय ते तिसऱ्या कॉफीला निघतं."

आता माझ्या जन्मातली एक खोड सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. गिरणीच्या परवान्यात विहिरी अठराच होत्या. माझे नाव त्यात नव्हतेच. त्या काळी या गाळावर नजर ठेवायचे काम वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, लोकांचे होते. त्यांचा तपासनीस लॉइड हेकार्ट वर्षातून एकदा येई. मायटेने त्याला कुंपणापाशी गाठले आणि सांगितले, की अठराही विहिरी टेकडीच्या पायाशी आहेत, माझ्या विहिरीच्या बाजूला एकही नाही. हेकार्ट माणूस सरळ होता. तो म्हणाला, एकोणिसावी परवान्यात घालायची तर वॉशिंग्टनला दोन वर्षे लागतील. कंपनी मात्र उद्या खणायला तयार आहे. वर्न नमुना घेत जाईल आणि मी आलो की बघत जाईन. मायटेने हातमोजा काढून हात पुढे केला. त्याने तो धरला. झाले. या माळावर हात मिळवल्यानंतर कागद मागणे म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणे. गाई, मेंढ्या, कुरणे, सगळे असेच चालते. मायटेने कागद मागितला नाही आणि हेकार्टने दिला नाही.

ती वर्षे माझी सुखाची. हेकार्ट पिकअपच्या मागच्या फळीवर बसून वर्नचे उपसणे बघत असे. मायटे तिखट सॉसेज घातलेला पाव घेऊन येई. कागद बघून हेकार्ट मोठ्याने म्हणे, "एकोणीस नंबर स्वच्छ." मायटे मान डोलावून घरी जाई. कोणी माझे पाणी पीत नसले तरी माझ्या एका शब्दावर एक बाई वर्षभर निर्धास्त झोपते, याचा मला गर्व होता. खोटे कशाला सांगू?

मग हेकार्ट निवृत्त झाला. त्याच्या जागी दर खेपेला वेगळाच माणूस येई, कागदावरच्या अठरा विहिरी बघे आणि विमान गाठायला पळे. वर्नने मात्र माझा फेरा चुकवला नाही.

एका वसंतात कुंपणाची तार ताणता ताणता मायटेने मला बातमी दिली. मला पाय नाहीत, मित्रांनो. माझ्यापाशी येऊन जे बोलले जाते तेवढेच मला कळते. ती म्हणाली, गावात सभा झाली. गिरण्यांच्या गाळावरची देखरेख वॉशिंग्टनकडून काढून राज्याकडे द्यायची असे ठरते आहे. "वॉशिंग्टनचे लोक वाईट नाहीत गं," ती म्हणाली, "पण उंटावरून शेळ्या हाकतात. एका पत्राला वर्षानं उत्तर. आपली माणसं चार तासांवर आहेत. मी हात वर केला." मलाही बरे वाटले. जवळचे माणूस बघायला येणार म्हटल्यावर कोणाला आवडणार नाही?

करार झाला. वॉशिंग्टनची खोकी शायएनला, राज्याच्या राजधानीत गेली. परवाने, नकाशे, तीस वर्षांचे आकडे, एक कागद हरवला नाही. पण हात काही खोक्यात भरता येत नाही. तो मागे राहिला. त्याच वर्षी वर्नने नोकरी सोडली आणि गुडघ्यांच्या दुखण्यासाठी ऍरिझोनाच्या उन्हात जाऊन राहिला.

राज्याच्या लोकांनी काम मनापासून केले, हे मी शपथेवर सांगेन. वर्षातून एकदाच्या ऐवजी चारदा गाड्या येऊ लागल्या. अठराही विहिरी एकेक करून उघडल्या जात. मी इथून धूळ बघे आणि वाट बघे. माझ्याकडे कोणी वळले नाही. त्यांचा काय दोष? जे कोणी लिहिलेच नाही ते वाचणार कोण?

अशी तीन वर्षे गेली. माझ्या झाकणाखाली गांधीलमाशांनी पोळे केले. कुलूप गंजले. हरणे येऊन माझ्या गळ्याला अंग घासत आणि निघून जात. एकटेपणाची सवय होते असे म्हणतात. मला झाली नाही. आणि तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात माझ्या तळाच्या चिरांतून जे पाणी आत आले, त्याची चव मी ओळखली. ते टेकडीचे होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी म्हण आहे ना? माझी तऱ्हा उलटी. आडात होते, पोहराच येत नव्हता.

याहून कठीण गोष्ट दुसरीच होती. मायटे मेंढ्यांमागून येई, माझ्या गळ्यावर कोपर टेकून वर उडणारी धूळ बघे आणि तिला वाटे, की ती घरी असताना माझाही नमुना नेत असतील. मग स्वतःशीच म्हणे, "एकोणीस नंबर स्वच्छ." तिच्या कोपराखाली मी ते पाणी घेऊन मुकी उभी होते. मला त्या दिवसांत जितके रडावेसे वाटले तितके कधीच वाटले नाही.

मग एके दिवशी कंपनीचा नवा माणूस आला आणि माझ्या गळ्याला नारिंगी फीत बांधून गेला. यादीत नसलेल्या जुन्या विहिरी सिमेंट ओतून बुजवायच्या होत्या. नियम चांगलाच आहे. उघडी राहिलेली बेवारस नळी म्हणजे घाण पाण्याला आयती वाट. फीत बघून मायटेने गावातल्या दुकानात त्या माणसाला धरले. तेव्हा तिला कळले, की तीन वर्षांत मला कोणी उघडलेच नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्यापाशी आली आणि धुळीत बसली. म्हणाली, की हात दाखवून अवलक्षण केले ते मीच.

बुजवण्याआधी विहीर डोळ्यांनी बघायला राज्याची बाई आली. कोरा स्टॅडलर तिचे नाव; चाळिशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. कंपनीचा माणूस बरोबर होता. मायटे आधीच येऊन उभी होती.

"मिसेस इरिबेरी, माझ्याकडच्या यादीत अठराच आहेत," कोरा म्हणाली.

"एकोणिसावीवर तुझा हात आहे, पोरी."

"काही कागद?"

"हेकार्टनं हात मिळवला होता."

कंपनीचा माणूस हसला. "तो हात कुठल्या फाइलला लावायचा, बाई?"

कोरा हसली नाही. तिने गंजलेले कुलूप तोडायला लावले, गांधीलमाश्या झटकल्या आणि पाणी काढायला सांगितले. त्या माणसाने दोरीला बांधलेला लांबोळका पोहरा आत सोडला, एकदाच वर ओढला आणि त्यात मीटरची कांडी बुडवली. मीटर युरेनियम मोजत नाही, पाण्यात काही विरघळले आहे का एवढे सांगते. आकडा लहान आला. "बघा, स्वच्छ," तो म्हणाला आणि पोहरा गुंडाळू लागला.

मित्रांनो, ते तीन वर्षांचे उभे पाणी होते. मला ओरडून सांगायचे होते, की हे माझे बोलणे नव्हे, हे दारातले हवापाणी आहे. पण मी लोखंडाचा गळा असलेली मुकी विहीर.

"वर्न तिप्पट उपसायचा," मायटे म्हणाली.

तो म्हणाला, पंप आणलेला नाही, हाताने पाऊणशे वेळा ओढावे लागेल, ज्या विहिरीचे नावच नाही तिच्यासाठी एवढे कोण करतो? कोराने अंगातले जाकीट काढून कुंपणावर टाकले आणि दोरी हातात घेतली.

पाणी पन्नास फुटांवर लागे; पन्नास फूट खाली, पन्नास फूट वर. तिचे हात भरून आले की मायटे ओढी, मायटेला धाप लागली की कोरा. विसाव्या पोहऱ्यापर्यंत आकडा हलला नाही. चाळिसाव्याला चढला. कंपनीच्या माणसाने मीटर झटकून पुन्हा बुडवले. साठाव्याला दुप्पट झाला होता. मग न सांगता तो पुढे आला आणि शेवटचे पंधरा त्याने ओढले. कोराने बाटली भरली, तिच्यावर तारीख घातली आणि खाली लिहिले: १९.

मायटेने हातमोजा काढून हात पुढे केला.

"आधी कागद," कोरा म्हणाली. गाडीच्या बॉनेटवर ठेवून तिने अर्धे पान लिहिले, सही केली, एक प्रत मायटेला दिली. मग हात मिळवला.

तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेचे उत्तर आले. युरेनियम मर्यादेच्या वर होते. माझी फीत सुटली, माझे नाव यादीत गेले आणि कंपनीला टेकडीच्या पायाशी पंप बसवून ते पाणी मागे ओढायचा हुकूम झाला. मायटेची विहीर तपासली. तिच्यात अजून काही पोचले नव्हते. मी वेळेवर सांगितले होते. पण खबरदारी म्हणून ती विहीर बंद केली. घराला दुसरीकडून नळ आला, पवनचक्कीला साखळी घातली आणि मेंढ्या नदीपलीकडच्या कुरणात गेल्या. या उतारावर आता मायटेला काही काम उरले नाही.

मेंढ्या घेऊन जायच्या आदल्या दिवशी ती एकटी आली. माझ्यावर कोपर टेकून म्हणाली, "एकोणीस नंबर." पुढचा शब्द तिला म्हणता आला नाही. मग तिने हातमोजा काढला आणि उघड्या हाताने माझा थंड गळा धरला, हेकार्टचा धरला होता तसा. त्यानंतर ती आलेली नाही. मी खरे बोलले आणि माझी एकुलती एक सोबत गेली. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन. पण दुःख व्हायचे ते होतेच.

मित्रांनो, राखणदार बदलतात. दूरचे जातात, जवळचे येतात, तेही एक दिवस जातील. तुमच्या हाती कधी कोणाची राखण आली, तर दिलेला शब्द लिहून पुढच्याच्या हाती द्या. आणि विहीर असो की म्हातारे माणूस, झाकण उघडून पहिल्या पोहऱ्यावर निघून जाऊ नका. थोडे उपसा. थांबा.

कोरा दर तीन महिन्यांनी येते. आधी खाली जाऊन मायटेच्या बंद विहिरीचा नमुना घेते, मग माझ्याकडे चढते. मागच्या खेपेचे उत्तर तिच्या वहीत असते आणि ते ती मोठ्याने वाचते. ही सवय तिला कोणी लावली नाही. "इरिबेरी विहीर स्वच्छ," असे ती म्हणते. ऐकायला माळावर माझ्याशिवाय कोणी नसते.