येतो म्हणणारा वैरी

चूक झाली ती एका शब्दाची, आणि तीही उंबरठ्यावर.

दुपारी चाहूल कामाला निघाली तेव्हा लेक तिच्या ओढणीला लोंबकळत होती. एक टोक तोंडात, एक मुठीत. उशीर झाला होता, डबा गळत होता, आणि पोरीचं अंग खरंच कोमट लागतंय की आपल्याच मनाचे खेळ, हे काही ठरेना. शेवटी ओढणी तिथेच टाकून ती वैतागून म्हणाली, "घे बाई, घे! जाते मी."

"अगं, जाते काय म्हणतेस?" सासूबाई आतून ओरडल्या. "येते म्हणावं!"

पण तोवर ती जिना उतरून गेली होती.

चाहूल हे तिचं टोपणनाव. शहरावर रोज नवं संकट यायचं त्या काळात पडलेलं. चार गल्ल्यांपलीकडे कुणी दबकत पाऊल टाकलं तरी तिच्या कानाला कळायचं. सोबतीला शिंपीकाका होते, ज्यांच्या सुईने तुटलेला पूलसुद्धा सांधला जाई. आणि पहाडताई होती, जिने एकदा कोसळती इमारत सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत पाठीवर तोलून धरली होती. समोर उभी असायची ती दोन भावंडं. भोवरा टाळी वाजवून रस्ते गरगर फिरवायचा, आणि त्याची बहीण वाळवी बोट लावेल ती भिंत आतून पोखरायची.

दिवस गेल्यावर चाहूलने ते सगळं सोडलं. आता ती कानाची यंत्रं बसवायच्या दुकानात होती. म्हाताऱ्या कानांचे साचे घ्यायचे, नखाएवढी बॅटरी बसवायची आणि हळूच विचारायचं, "आजोबा, येतं का ऐकू?" मग आजोबा दचकून पंख्याकडे बघत. एवढी वर्षं हा बोलत होता होय! हे सगळं चालू असताना तिचा स्वतःचा एक कान मात्र घरी असायचा, झोपलेल्या लेकीच्या श्वासावर. नाक चोंदलंय का, कूस बदलली का, सगळं तिला तिथे बसून कळे. जीव एकीकडे आणि कान दुसरीकडे, अशी तिची तऱ्हा.

संध्याकाळी ती घराकडे वळली, आणि घर काही येईना.

रस्ता तोच होता. कोपऱ्यावरचं घड्याळाचं दुकान, त्यापुढे लोखंडी फाटक, मग तिची इमारत. इमारत दिसतही होती. खिडकीत लेकीचं पिवळं झबलं वाळत होतं. पण ती चालली की इमारत तेवढीच मागे सरके, लाजऱ्या पोरासारखी. फाटकानंतर पुन्हा घड्याळाचं दुकान, आणि आतली सगळी घड्याळं तिच्याकडे बघत असल्यासारखी. असं फिरत फिरत ती चौकात आली. चौक माणसांनी भरला होता. कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या पाठीवर दप्तर. सगळे संथ चालत होते, पाण्यात चालल्यासारखे, आणि कुणीच कुठे पोचत नव्हतं.

"पोरी, तूही?" गर्दीतून शिंपीकाका पुढे आले. गळ्यात मोजपट्टी तशीच. मागे पहाडताई, घामाघूम.

"काका, काय चाललंय काय?"

"चकवा लागलाय," पहाडताई म्हणाली. "आणि नुसता लागला नाही. तो बघ, स्वतः बसलाय."

चौकाच्या मधल्या कट्ट्यावर एक साधासा माणूस हातात चिठ्ठी घेऊन बसला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होता, "अहो, हा पत्ता कुठे आला?" चिठ्ठी कोरी होती. वाट चुकवणारा देव तो. त्याला तोंड नसतं, समोरच्याचंच थोडंथोडं उसनं घेतो. चाहूलकडे त्याने पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तिच्याच डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती.

"मी काय केलं?" तो गोड हसला. "आज जो जो 'जातो' म्हणून घराबाहेर पडला, त्याचा शब्द मी पाळला. गेलात ना? मग गेलात. दिवे लागले की घरं तुम्हाला विसरायला लागतील. रात्रीची पानं वाढली की पुरती विसरतील. चला, बसा निवांत."

पहाडताईने कट्टाच उचलला. चकवा समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसला. शिंपीकाकांनी एका गल्लीचं टोक दुसरीला टाचून पाहिलं. टाका घातला की मागून उसवे. आणि एकेक खिडकी उजळू लागली.

चाहूलने कान लावला. आधी लेकीचं रडणं आलं. ते तिला बरं वाटलं. मग रडणं मंदावलं. रडणाऱ्या पोराला आई हवी असते. गप्प झालेल्याला कोण हवं असतं? मग सासूबाईंचा आवाज आला, अगदी सहज, "बाळे, ही ओढणी गं कुणाची? तुझ्या हातात कशी आली?"



तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी शीळ घालत चाललं होतं. बाकी सगळे तरंगत होते, हा मात्र ठाम पावलं टाकत होता. दुधाच्या पिशव्या हातात, बरोबर बहीण. ती दोघं एका दारात शिरली, पिशव्या ठेवून बाहेर आली. भोवरा आणि वाळवी!

"ए!" पहाडताई गरजली. "तुम्हाला बरं घर सापडतं?"

"न सापडायला काय झालं?" वाळवी म्हणाली. "आम्ही जन्मात कधी 'जातो' म्हणालो नाही."

"खरंच," भोवरा हसला. "आठवतंय का, बाईसाहेब? तुमच्याकडून मार खाऊन पळतानासुद्धा मी काय ओरडायचो?"

चाहूलला आठवत होतं. न आठवून कसं चालेल! 'थांबा, येतो परत! एकेकाच्या घरी येतो, एकेकाला बघून घेतो!' आणि तिच्याकडे बोट दाखवून, 'तुझ्या घरी तर येणारच एक दिवस!' त्या एका वाक्यापायी तिने घर बदललं होतं. दारावर पाटी लावली नव्हती. दाराला तीन कड्या बसवल्या होत्या, आणि त्यांतली एकेक रोज दोनदा तपासली होती.

तिने चकव्याकडे वळून विचारलं, "दिलेला शब्द पाळतोस ना तू?"

"तोच तर धंदा आहे माझा."

"मग हा माझ्या घरी येतो म्हणालाय. ह्याला पोचवावंच लागेल तुला."

चकव्याचं हसू जरा वाकडं झालं. "त्याला पोचवीन. पण पत्ता त्याला माहीत नाही. आणि तू तो सांगणार नाहीस. तीन कड्यांवाली बाई तू."

हे मात्र खरं होतं. चाहूलने भोवऱ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या भुवईवर जुनी खोक होती, तिनेच दिलेली. त्याने चेष्टा थांबवली होती.

"लेक आहे का घरी?" त्याने हळूच विचारलं.

तिने त्याच्या कानाशी वाकून पत्ता सांगितला, मजल्यासकट, आणि सांगताना तिला वाटलं, आपण तिन्ही कड्या एकदम काढून ह्याच्या हातात दिल्या.

"बोंबला!" भोवरा पुटपुटला. "एवढ्या जवळ राहत होतीस?"

काकांनी सुई काढली आणि तिची बाही भोवऱ्याच्या बाहीला शिवून टाकली, बारीक दुहेरी टाक्यांनी. "आता हा जिथे येईल तिथे तूही येशील. हलू नकोस, टोचेल."

मग ते पाचही जण निघाले, आणि रस्ता मनाविरुद्ध का होईना, पुढे सरकू लागला. चकव्याने वाटेत भिंत उभी केली. वाळवीने बोट लावलं, भिंतीचा भुसा झाला. जिना आला तो पायऱ्यांमागून पायऱ्या वाढवू लागला. पहाडताई खालच्या पायरीवर फतकल मारून बसली. "वाढ बघू आता!" जिना गप्प झाला. वरून भाताच्या वाफेचा वास येत होता. पानं मांडल्याचा आवाज चाहूलने ऐकला. दोनच. एक मोठं, एक चिमुकलं.

भोवऱ्याने दार वाजवलं. सासूबाईंनी उघडलं. कडेवर लेक होती. दोघींनी चाहूलकडे पाहिलं ते असं, जसं शेजारच्या पाहुण्याकडे पाहतात.

"कोण पाहिजे?"

भोवऱ्याला घाम फुटला. "ते... मी येतो म्हणालो होतो. आलो."

सासूबाईंनी त्याला न्याहाळलं, बाहीला शिवलेल्या बाईलाही न्याहाळलं. दारात आलेल्या माणसाला काय म्हणायचं, हे त्या कधीच विसरल्या नव्हत्या.

"या," त्या म्हणाल्या. "आत या."

चाहूलने उंबरठा ओलांडला.

"थांब!" जिन्यावरून चकवा ओरडला. "तो 'या' त्याच्यासाठी होता. आदराचा!"

"कशावरून?" शिंपीकाका धापा टाकत म्हणाले. "दोन माणसं असली तरी 'या'च म्हणतात."

चकवा सासूबाईंकडे वळला. "आई, तुम्हीच सांगा. कुणाला म्हणालात?"

सासूबाई चिडल्या. "दारात उभं राहिलेल्यांतून मी निवडून बोलवत नाही, बाबा. तूही ये हवं तर. चपला बाहेर काढ."

चकवा बघत राहिला. मग खदखदून हसला, स्वतःच्या तोंडाने, बहुधा पहिल्यांदाच. कोऱ्या चिठ्ठीची घडी घातली आणि चपला न काढताच विरून गेला.

लेक अजून अनोळखी डोळ्यांनी बघत होती. चाहूलने हात पुढे केले नाहीत. धीर होईना. लेकीने ओढणीचं ओलं टोक तोंडातून काढलं, हात लांबवला आणि चाहूलच्या कानाची पाळी चिमटीत धरली. झोपताना धरायची तशी.

"हात धुतलेस का बाहेरून आल्यावर?" सासूबाई खेकसल्या. "आणि दुपारी काय म्हणालीस जाताना? हजारदा सांगितलं!"

ते बोलणं ऐकून चाहूल रडली.

वाळवीने बाहीचे टाके उसवले. चौकात माणसं खोळंबली होती. 'एकेकाच्या घरी येतो' ही भावंडांची जुनी धमकी आता एकेकाला घरी पोचवून निभवायची होती. आधी काका आणि पहाडताई, मग बाकीचे, हाताला धरून.

भोवरा दारात घुटमळला. "बरं मग, जा..."

"अरे!" सगळे एकदम ओरडले.

"येतो," तो ओशाळून म्हणाला.

"ये," चाहूल म्हणाली.

त्याची पावलं जिना उतरून चौकात विरेपर्यंत तिने ऐकली, सवयीने. मग दार लोटलं आणि एकच कडी लावली. दुसरीला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काढून घेतला. कडेवर आलेल्या लेकीने अजून तिचा कान धरून ठेवला होता.