शेवटच्या नळाचा मान

आमच्या गावाने पाण्याच्या ठेकेदाराला नारळ दिला आणि पाणीपुरवठा स्वतःच्या हातात घेतला, तेव्हा एक शहाणपणाचा नियम केला. ज्याच्या नळाला सगळ्यात शेवटी पाणी येतं, तोच पाणी समितीचा अध्यक्ष. त्याची बादली भरली म्हणजे बाकीच्यांची भरलीच. टेकाडावरचं शेवटचं घर माझं, म्हणून मी साधी शिंपीण अकरा वर्षं अध्यक्ष होते.

आणि होते म्हणजे कशी! पाणी दहा मिनिटं उशिरा आलं की गळ्यात टेप तशीच अडकवून मी पंपघरात हजर. पंपवाला मला लांबून बघून आधी मोटार लावायचा, मग नमस्कार करायचा. मोठमोठे दुकानदार कपडे शिवायला टाकताना हळूच सांगायचे, बाई, आमच्या गल्लीत दाब कमी झालाय. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग माझ्या धाकट्या जावेने माझ्याही वर, टेकाडाच्या माथ्याला, दोन खोल्या बांधल्या.

आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. वेगळं होताना सासूबाईंच्या लोखंडी कपाटावरून जुंपली होती. ते कपाट शेवटी दोघींच्याही दारातून आत गेलं नाही, ही गोष्ट निराळी. आता तिचा नळजोडणीचा अर्ज समितीकडे आला. त्यावर सही माझी लागणार. सही केली की शेवटचा नळ तिचा आणि खुर्चीही तिची.

मी अर्ज शिलाई मशीनच्या खणात सरकवला. दोन दिवसांनी बघू म्हटलं, त्याचे तीन आठवडे झाले. रोज सकाळी ती खालच्या सार्वजनिक नळावरून दोन कॅन भरून माझ्या खिडकीसमोरून वर चढायची. ती मान वळवायची नाही, मी मान वर करायची नाही. टाके मात्र वाकडे पडायचे. आमच्या ह्यांनी एकदा पेपरातून डोकं न काढता विचारलं, अर्जाला पाय फुटले की काय. मी म्हटलं, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

महिन्याच्या सभेत कुणीही उठून कुठलाही कागद मागू शकतो. हा नियम माझ्याच हट्टाने झालेला. त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून जाऊ उठली आणि पंपवाल्याला म्हणाली, माझा अर्ज कुठे अडलाय तेवढं कळू द्या. पंपवाल्याने त्याच्याकडची अर्जांच्या नोंदीची वही पुढून मागून चाळली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की त्याच्याच हातून गहाळ झाला असेल. मला वाचवायला निघाला होता शहाणा.

गप्प बसले असते तर खुर्चीही राहिली असती आणि अब्रूही. पण ज्याच्यावर अकरा वर्षं डाफरले, त्याच्याच माथी माझं पाप मारायचं? माझी मलाच लाज वाटली.

"अर्ज माझ्याकडे आहे," मी उठून म्हणाले. "मशीनच्या खणात. खुर्ची जाईल म्हणून तीन आठवडे मीच दाबून ठेवला."

मग बेकरीवाला खुदकन हसला आणि सगळी सभा हसत सुटली. जाऊ तेवढी हसली नाही. मी धापा टाकत घरी जाऊन अर्ज आणला आणि सगळ्यांसमोर सही ठोकली. कागदाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

पंधरा दिवसांत पाइप पडला. पहिल्या सकाळी बादली भरल्याबरोबर मी नळ बंद केला आणि वर कान लावून बसले. तिच्या बादलीत धार वाजली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. थोडं रडूही आलं, खुर्चीसाठीच असावं.

नवी अध्यक्ष माझ्याहून कडक निघाली. आठवड्यातच माझ्या दारात उभी, हातात नोटीस. माझा नळ ठिबकत होता म्हणे.

"ताई, तीन दिवसांत वायसर बदला," ती म्हणाली. "नाहीतर चौथ्या दिवशी मला परत यावं लागेल."

सहा वर्षांनी मला ताई म्हणाली. मी मान हलवून नोटीस घेतली. वायसर घरातच होतं, काम पाच मिनिटांचं. आमचे हे पाना घेऊन उठलेच होते, त्यांना मी हाताला धरून खाली बसवलं. नळाखाली बादली ठेवली, एक थेंब वाया जाऊ दिला नाही. आणि चौथ्या दिवशी सकाळीच दार उघडं टाकून दोन कप चहाचं आधण ठेवलं.