सोमवारी फेकून देणार होते ती बरणी

मी एक जुनी, मातीची लोणच्याची बरणी आहे, मित्रांनो. तान युनशूच्या थोरल्या बहिणीचे लग्न झाले, त्याच वर्षी युनशू चीनमधल्या चेंगदूहून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला शिकायला निघाली. आईने मला रजईत गुंडाळून तिच्या सामानात ठेवले. सोबत औषधाच्या बाटलीत आजीच्या बरणीतले आंबलेले खारे पाणी दिले. त्यात नवा मुळा, कोबी, मिरच्या टाकत राहायचे. पाणी मात्र कधी ओतून द्यायचे नाही. ते पाणी युनशूच्या आईपेक्षा वयाने मोठे होते.

युनशू वर्गात तोंड उघडत नसे. बसमध्ये कोणी तिच्या पायावर पाय दिला, तर माफी तीच मागे.

एकदा तिच्या खोलीतल्या जिंगने घाईघाईत जेवायच्या तेलकट काड्या माझ्यात बुडवल्या. चार दिवसांत पाण्यावर पांढरी बुरशी धरली. वास जिन्यापर्यंत गेला. वसतिगृहाच्या मॅकीबाई नाक दाबूनच आल्या.

"सोमवारी मी परत येणार. हे इथे दिसलं, तर स्वतः फेकून देईन!"

"ताई, चूक माझीच," जिंग युनशूला रडवेल्या आवाजात म्हणाली. "आपण नवी बरणी आणू या ना?"

"बरणी मिळेल गं. आजीचं पाणी कुठल्या दुकानात मिळतं?"

युनशूने बुरशी काढली. वाटीभर कडक दारू आणि मूठभर आले घातले. माझ्या काठाच्या खोबणीत पाणी भरून झाकण घट्ट बसवले. मीही आतून झटत राहिले.

सोमवारी बाई आल्या. युनशू मला पाठीशी घालून उभी राहिली. ती जागची हलली नाही.

"बाई, आधी चाखा. मग फेका."

"हे खाऊन मरायचंय का मला?"

"मी वीस वर्षं खातेय. मेलेली दिसते का?"

बाईंना हसू फुटले. त्यांनी मुळ्याची फोड तोंडात टाकली. नाक लाल झाले, डोळे वाहू लागले.

"आणखी एक दे," त्या म्हणाल्या.

काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी मी फडताळात राणीसारखी बसले! पुढच्याच आठवड्यात युनशूने वर्गात हात वर केला आणि प्राध्यापकांचे म्हणणे आपल्याला पटत नाही, असे सर्वांसमोर सांगितले. आज ती तिथेच शिकवते. दर सप्टेंबरात नव्या आलेल्या मुली माझे पाणी बाटल्यांत भरून नेतात.

मुलांनो, घरात असे जुने, जिवंत काही असेल, तर त्याला स्वच्छ, कोरडा हात लावा. आणि कोणी ते फेकायला आले, तर गप्प राहू नका.

मॅकीबाई गेल्या वर्षी सतरा नोव्हेंबरला वारल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातही माझ्या पाण्याची एक बरणी होती. ती आता त्यांची मुलगी सांभाळते.