मामाच्या हातचा घास

खीर निवली का ते बघायला सौमित्रने चांदीचा चमचा ओठांना लावला, आणि मनवाने तो त्याच्या हातातून काढूनच घेतला.

"दुसरा आणते."

परळच्या त्या छोट्या हॉलमध्ये सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मामाच्या मांडीवर बसलेली ओवी तेवढी त्याच्या शर्टाचं बटण ओढत होती.

"अगं, उष्टावण आहे आज तिचं," सासूबाई म्हणाल्या. "मामाने नाही तर कोणी भरवायचं?"

सौमित्रने भिंतीला टेकवलेली काठी उगाच सरळ केली. "माझा एमएस नसांचा आजार आहे, चिकटत नाही गं. बायको रोज माझ्या ताटात जेवते. तिला लागला का?"

"आजार नाही रे, ज्याच्यामुळे तो होतो तो व्हायरस. थुंकीतून जातो. आणि रक्ताच्या नात्यात कुणाला एमएस असला की..." ओवीकडे बघून ती थांबली.

"तो व्हायरस जवळजवळ सगळ्यांच्याच अंगात असतो, डॉक्टरच म्हणाले. त्यातल्या फार थोड्यांना पुढे हे होतं." तो हसला. "तुझ्यातही असेल. भोईवाड्यात एकच बर्फाचा गोळा दोघं चोखायचो. विसरलीस?"

मनवाने पदराने ओठ पुसले. ओवी जन्मल्यापासून तिने कुणाला तिचा पापा घेऊ दिला नव्हता. स्वतः मात्र सकाळीच घेतला होता.

तिला माहेरची मोरी आठवली. सौमित्र आत उभा राहून ओरडत होता, गीझर का नाही लावला म्हणून. पाणी कढत होतं. त्याचा पाय लाल झाला होता आणि त्याला कळत नव्हतं. त्याचा आजार तिथून सुरू झाला.

ती आत गेली. गॅसवरच्या पातेल्यातली खीर नव्या वाटीत काढून, ट्रेमध्ये ठेवून बाहेर आली. डाव्या मनगटावर दोन थेंब टाकले, क्षणभर थांबली.

"निवलीये. भरव आता."

सौमित्रने वाटी उचलली आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवली.

"मनवा, भाजतेय ही."

"काहीतरीच. आत्ता बघितली मी."

तो तिच्या मनगटाकडे बघत राहिला. थेंब पडले होते तिथे कातडी लाल होत होती. मनवानेही पाहिलं, आणि हात पदराखाली घेतला.

"कधीपासून?" त्याने अगदी हळू विचारलं.

सासूबाई निरांजन पेटवत होत्या. ओवीने वाटीकडे हात पुढे केला. मनवाने उजव्या हाताने वाटी दूर सारली आणि बाजूला ठेवलेला मघाचा चांदीचा चमचा सौमित्रपुढे धरला.

"तूच बघ," ती म्हणाली. "ओठांना लावून."