साडेआठशेचा स्टिकर

चार जुलैची मिरवणूक नीट पार पडली असती तर ऑर्व्हल स्टकीच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: सगळ्या गाड्यांच्या पुढे राहण्याचा मान, आणि सासूचं तोंड बंद. पहिली त्याने माझ्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, काउंटरवर मोठ्याने सांगितली, दुसरी इकडेतिकडे बघून.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी तो स्वतःच्या लग्नाला दीड तास उशिरा पोचला होता. गाडी मक्याच्या शेतापाशी बंद पडली होती. तेव्हापासून सासूबाई, बर्नडीन, दर थँक्सगिव्हिंगला टर्कीवर सुरी चालण्याआधी त्याला विचारतात, "ऑर्व्हल, आज चालत आलास की गाडीने?" यंदा बाईंना एक्क्याण्णव लागलं. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे मिरवणुकीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. त्यांना बसवून न्यायला ऑर्व्हलची एकोणसत्तर सालची, उघड्या टपाची शेव्हरले ठरली. लग्नात बंद पडलेली तीच.

तिचा हवा-पेट्रोल मिसळणारा जुना कार्ब्युरेटर गळायला लागला होता. मी कागदावर हिशोब मांडून दाखवला. साडेतीनशे घनइंचांचं हे इंजिन जीव तोडून पळालं तरी मिनिटाला सव्वापाचशे घनफुटांच्या वर हवा ओढत नाही. तेव्हा सहाशे घनफुटांचा कार्ब्युरेटर घे आणि त्याखाली नळ्यांचा बुटका मॅनिफोल्ड. हवा-पेट्रोलचं मिश्रण आठही सिलिंडरांना वाटायचं असतं, आणि संथ चालीत ही वाटणी बुटक्यालाच जमते. ऑर्व्हलने कागद घडी करून खिशात ठेवला आणि नाश्त्याला गेला. तिथेच घोटाळा झाला.

आमच्या गावात शनिवारी सकाळी जुन्या गाड्यांची माणसं एका टेबलाला बसतात, बिस्किटं म्हणतात ते मऊ पाव ग्रेव्हीत बुडवून खातात आणि आपापल्या कार्ब्युरेटरचा आकडा सांगतात. पगार, वजन, रक्तदाब कुणी सांगत नाही. टेबलाच्या टोकाला हॉलिस टॅकेट बसतो. त्याच्या कार्ब्युरेटरवर बसणाऱ्या एअर क्लीनरच्या झाकणावर लाल अक्षरांत ८५० असा स्टिकर आहे. झाकण काढून आत कुणी पाहिलेलं नाही.

ऑर्व्हलने सहाशे म्हटल्यावर हॉलिसने कॉफीचा कप खाली ठेवला म्हणे. "सहाशे? छान आहे की. तुझ्या बायकोच्या गवत कापायच्या मशीनला बसेल."

टेबल हसलं. ऑर्व्हलही हसला, आणि अकरा वाजता माझ्याकडे परत आला. साडेआठशेचा दे म्हणाला, आणि शर्यतवाल्यांचा तो उंच मॅनिफोल्ड.

"मिरवणूक माणसाच्या चालीने जाते, बाबा," मी म्हटलं. "एवढ्या रुंद नळ्यांतून हवा रेंगाळत जाईल. पेट्रोलचा फवारा होणारच नाही, थेंब गळतील, प्लग भिजतील."

"तू विकतोस की शिकवतोस?"

एकदा सांगणं दुकानाच्या धर्मात बसतं, दुसऱ्यांदा सांगितलं की गिऱ्हाईक जातं. मी विकलं. उंच मॅनिफोल्डवर कार्ब्युरेटर चढवल्यावर बॉनेट बसेना, तेव्हा त्याने बॉनेटलाच भोक पाडलं.

चार जुलैला हायस्कूलचा बँड आणि त्यामागे ऑर्व्हल. मागच्या सीटवर पांढरी हॅट घातलेल्या बर्नडीनबाई हात हलवत होत्या. पहिल्या चौकापर्यंत इंजिन नुसतं गुरगुरलं. दुसऱ्या चौकात काळा धूर निघाला आणि कच्च्या पेट्रोलचा वास सुटला. मेथडिस्ट चर्चसमोर गाडी दोनदा खोकली आणि थांबली. ऑर्व्हलने इतक्यांदा चावी फिरवली की बॅटरीही दमली. बँड पुढे निघून गेला.

बर्नडीनबाईंनी हॅट काढून तिच्यावरची काजळी झटकली. "ऑर्व्हल," त्या म्हणाल्या, "या वेळी निदान चर्चपर्यंत तरी आणलीस."

मागच्या गाडीत हॉलिस होता. त्याने उतरून दार उघडलं, बाईंना अदबीने बसवलं आणि वळसा घालून पुढे गेला. त्याचं इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं. घुरघुरणारच. दर दोन वर्षांनी हॉलिस दुकानाच्या मागच्या दाराने येतो आणि सहाशेच्या कार्ब्युरेटरचा गॅस्केट संच नेतो. ऑर्व्हलची गाडी ढकलायला टेबलावरचे जे पाच जण धावले, त्या पाचांनाही सहाशेचेच मी विकलेत. ढकलता ढकलता एक जण म्हणाला, साडेआठशे सांभाळायला बसलेला हात लागतो.

मंगळवारी ऑर्व्हल आला. मागच्या दाराने. सहाशेचा कार्ब्युरेटर आणि बुटका मॅनिफोल्ड मागितला. माझा घडी घातलेला कागद अजून त्याच्या खिशात होता. पाकीट बंद करताना त्याने भिंतीकडे पाहत विचारलं, "ते लाल स्टिकर असतात का रे तुझ्याकडे?"

होते. पेटीभर.

तर शेवटी असं झालं: ऑर्व्हलने कार्ब्युरेटर दोन घेतले, मॅनिफोल्ड दोन घेतले, बॉनेटला ठिगळ मारलं आणि थँक्सगिव्हिंगला सासूबाईंचा प्रश्न पहिल्यापेक्षा दुप्पट लांब ऐकला. बर्नडीनबाईंची एक हॅट गेली. हॉलिसचा फोटो साप्ताहिकात आला, त्याचं काहीच गेलं नाही. स्टिकरचे पैसे मी घेतले नाहीत.