पुदिना चॉकलेटचा हिरवा डबा

“अनू, खाऊच्या डब्यात औषध ठिवू नगंस गं. पोरीला काय कळतंय?”

बायडाबाई एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांची लेक अनुजा ओट्याशी उभी राहून पाकिटातल्या शुगरच्या गोळ्या अंगठ्याने दाबून काढत होती आणि एकेक माझ्यात टाकत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही.

“आई, तू गप की. तुझी बोटं वळत न्हाईत म्हणून तर काढून ठेवते. आणि हे झाकण चमच्याबिगर मला निघत न्हाय, तेजूला कुठनं निघतंय?”

मित्रांनो, ते झाकण माझं. मी पुदिन्याच्या चॉकलेटचा पत्र्याचा डबा आहे, आता बराच जुना. कडा गंजल्या आहेत, अंगावरच्या चित्रातल्या बर्फाच्या डोंगराचे पोपडे निघाले आहेत. तरी आत नाक घातलंत तर अजून गार वास येईल.

कारखान्यात पत्रा कापून, वाकवून मला घडवलं, हिरवा रंग दिला आणि पोटात हिरव्या गोळ्या भरल्या. वरून पुदिना, आत काळं चॉकलेट. फौजेतले आकाराममामा सुट्टीवर येताना मिलिटरी कॅन्टीनमधून मला कागलला घेऊन आले, बहिणीच्या पोरांसाठी. ती बहीण म्हणजे बायडाबाई. पोरं दोन, राजवीर आणि अनुजा.

राजवीरने पहिली गोळी तोंडात टाकली आणि अंगणात थुंकली. “मामा, ह्ये चॉकलेट न्हाय! मंजन हाय मंजन!”

“फौजेतलं हाय ते, भित्र्यांना न्हाय झेपत,” मामा म्हणाले.

अनुजाला मात्र झेपलं. ती गोळी चावायची नाही, गालात धरून बसायची. आधी जरा कडू, मग गोड, मग एकदम गार. वरून तांब्याभर पाणी प्यायची आणि हा हा करत राजवीरच्या तोंडावर श्वास सोडायची. घरात तेव्हा फ्रीज नव्हता. “माझ्या तोंडात हाय की फ्रीज,” असं ती गल्लीभर सांगत फिरायची. माझं झाकण घट्ट. ते चमच्याच्या टोकाने उचकटायची युक्ती तिचीच.

कौतुक सगळं गोळ्यांचं झालं, डब्याचं कोण करतं? गोळ्या संपल्या आणि मी फळीवर गेलो. पुढे माझ्यात बटणं राहिली, सुया राहिल्या, काही वर्षं काहीच राहिलं नाही. अनुजा बीएस्सी झाली, लग्न होऊन कोल्हापुरात फ्लॅटमध्ये आली, राजवीर नोकरीसाठी दूर गेला. बायडाबाईंची शुगर वाढली, बोटं आखडली, तेव्हा अनुजाने त्यांना आपल्याकडे आणलं. त्यांच्या पिशवीतून मीही आलो.

मित्रांनो, लेकीच्या घरी राहणं आपल्याकडे म्हातारीला जड जातं. बायडाबाई सोफ्यावर बसायच्या नाहीत, खाली सतरंजीवर बसायच्या. जावई धैर्यशील घरात आले की पदर सावरून आतल्या खोलीत जायच्या. दुसरा चहा मागायच्या नाहीत. त्यांना एकच वाटायचं, आपल्यापायी लेकीला कुणाचा शब्द ऐकायला लागू नये.

अनुजा आई म्हणून फार सावध होती. तेजस्वी चार वर्षांची. तिच्यासाठी टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज लावलेला, विजेच्या भोकांना टोप्या घातलेल्या, द्राक्षंसुद्धा उभी चिरून द्यायची. फळीवरच्या माझ्याकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही. मी तिच्या लहानपणाचा होतो ना. आपल्या लहानपणाची भीती कुणाला वाटते?

जेवण भरवताना ती तेजूला माझीच गोष्ट सांगायची. “ह्या हिरव्या डब्यात हिरवं चॉकलेट असायचं. आधी कडू लागतं, थुंकायचं न्हाय. मग बघ कसं गाऽर लागतं!” आणि झाकण चमच्याने कसं काढायचं तेही हसत हसत करून दाखवायची, रिकाम्या लोणच्याच्या बरणीवर.

एका दुपारी अनुजा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. बायडाबाईंचा डोळा लागला होता. तेजूने खुर्ची ओढली, मला खाली घेतलं आणि चमचा लावला. पोटात होत्या फिक्या हिरव्या गोळ्या. तिने एक चाटली, तोंड वाकडं केलं, पण थुंकली नाही. आईने सांगितलं होतं ना, आधी कडू लागतं. गार लागेना म्हणून दुसरी घेतली. मग आणखी. मी नुसता पत्रा. पोरीच्या हातातून निसटलो असतो तर निदान आवाज झाला असता. तिने मला मांडीत घट्ट धरलं होतं.

अनुजा खाली आली तेव्हा तेजू घामाने भिजली होती, मान टाकत होती, आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. रिक्षा, दवाखाना, सलाईन. कुठल्या गोळ्या ते दाखवायला अनुजाने मलाही नेलं. रक्तातली साखर पार खाली गेली होती. वेळेत आणली म्हणून पोरगी वाचली. ती उठून बसली, “मम्मा, गार लागलंच न्हाय,” म्हणाली, तेव्हा अनुजाने माझं झाकण गच्च दाबून लावलं.

धैर्यशील धावत आले होते. त्यांनी मला उचललं. “चॉकलेटच्या डब्यात औषध? कुणी घातलं ह्यात?”

अनुजाचे ओठ हलले. त्यातून शब्द यायच्या आत बायडाबाई पुढे झाल्या.

“म्याच घातल्या, जावईबापू. म्हातारपणी अक्कल ऱ्हातीय व्हय?”

अनुजाने आईकडे पाहिलं. मग फरशीकडे. ती काही बोलली नाही, मित्रांनो. त्या वेळीही नाही आणि नंतरही नाही.

धैर्यशील तसे वाईट नाहीत. घरी आल्यावर आवाज न चढवता सासूला म्हणाले, “मामी, थोडं दिवस कागलला जाऊन ऱ्हावा. तेजू जरा मोठी हू दे.” ते मला कचऱ्यात टाकत होते. बायडाबाईंनी मला मागून घेतलं. अनुजाने आईची पिशवी भरली, पाकिटांची चळत त्यात नीट लावली आणि एसटीत बसवून दिलं.

आता कागलच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. गोळ्या माझ्यातच आहेत, पण पाकिटासकट, कंपनीतून आल्या तशा. बायडाबाईंची बोटं पाकिटातून गोळी काढू शकत नाहीत. सुरुवातीला त्यांनी पाकीट दाताने फोडून पाहिलं, गोळीचा भुगा झाला. शेजारणीला सांगायचं तर ती विचारणार, लेकीकडनं का आलासा? म्हणून सांगत नाहीत.

अनुजाचा फोन रोज येतो. “आई, गोळी घेतलीस?”

“व्हय की. आत्ताच घेतली.”

“खरं ना?”

“खोटं कशाला बोलू? तेजू कशी हाय?”

अनुजा यायचं म्हणते, येत नाही. आली तर आईच्या डोळ्यांत बघावं लागेल. बायडाबाई घागरीकडे फेऱ्या घालून पाणी पितात, पायाची न भरणारी जखम फडक्याने झाकतात. आज त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. मघाशी फोन वाजून वाजून बंद पडला.

मित्रांनो, मला घासून-पुसून कपाटात ठेवा असं मी म्हणत नाही. मी भंगारात गेलो तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर ‘घेतली’ म्हणतंय त्यावर जाऊ नका. पाकीट हातात घेऊन बघा. गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवा आणि पाणी पिईपर्यंत तिथून हलू नका.

आणि तुमच्यापैकी कुणी आज कागलला येत असेल, तर आमचं दार नुसतं लोटलेलं आहे. ‘बायडामावशी’ म्हणून हाक मारा. ओ आली नाही, तर बाहेर थांबू नका. आत या.