स्थिरांकांचं जन्माक्षर

आखाडा बाळापुरात आयुष सरांचा क्लास निघाला आणि गावातल्या आयांची झोप उडाली. दुसरीच्या लेकरांना आतापासून डॉक्टरकीची तयारी! पुनम बीएस्सी फिजिक्स झालेली. क्लासची पाटी पहिल्यांदा वाचली तेव्हा ती रस्त्यातच हसली होती. पण शेजारची लेकरं पाठीला दप्तर लावून तिकडे वळायला लागली, तसं तिचंही हसू गेलं. आपलीच पोरगी मागं राहिली तर? शेवटी सात वर्षांच्या अनुसूयेला तिने स्वतःच्याच हाताने तिथे नेऊन बसवलं.

अनुसूया मुळात बडबडी. मुंगी झोपते का, पाण्याला वास काहून न्हाई, दिवसभर नुसता भडिमार. क्लास लागला आणि पोरगी हळूहळू गप्प झाली. जेवताना गप्प, आंघोळीला गप्प. पुनमने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, डोळे पाहिले, जीभ पाहिली. ताप नव्हता. मग एका संध्याकाळी वेणी घालता घालता ते बाहेर पडलं.

"सरांनी वायूंचा स्थिरांक शिकवला, आर. म्या इचारलं, हे अक्षर कुणी काढलं? तर मला बाकावर उभं केलं."

"किती वेळ?"

"सुटेस्तोवर. सर म्हणले, प्रश्न इचारणारे मागं पडतेत."

पुनमच्या हातातली वेणी तशीच राहिली. "पालक मेळाव्यात बोलतेच मी," ती सासूला म्हणाली.

"बोल बाई, पण जपून," शालूबाई म्हणाल्या. "मास्तराशी वैर केलं की मार लेकराला बसतो."

मेळावा मंगल कार्यालयात होता. ज्या स्टेजवर एरवी नवरानवरी बसतात तिथे सर बसलेले. मागे भलामोठा फ्लेक्स: 'स्थिरांकांची जन्मपत्रिका'. सी, एच, के, आर, विज्ञानातल्या कधी न बदलणाऱ्या आकड्यांची ही अक्षरं; एकेका अक्षरापुढे रास आणि नक्षत्र. बाया त्याच्यापुढे उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या.

सर उठले. "पालकहो, लेकरू जन्मलं की आपण काय करतो? पंचांग बघतो. नक्षत्राचं चरण, चरणाचं अक्षर, अक्षरावरून नाव. विज्ञानातही बराबर तेच! स्थिरांक सापडला की त्याचं जन्माक्षर काढतात. उगीच कुणी एच ठेवील का, उगीच कुणी सी?"

"व्हय, व्हय," पुढच्या रांगेतून आवाज आला. त्यात पुनमचे सासरे माणिकरावही होते.

"आता आर घ्या. हा वायूंचा स्थिरांक. र हे अक्षर कुणाचं? स्वातीचं. रू, रे, रो. आणि स्वातीची देवता कोण?" सरांनी सभागृहभर नजर फिरवली. "वायू!"

टाळ्यांनी पत्रा हादरला. क्षणभर पुनमही चमकली. भामट्याचं जुळलं होतं की!

ती उठली. "सर, एक शंका. के हा उष्णतेचा ना? उष्णता म्हणजे अग्नी, अग्नीचं नक्षत्र कृत्तिका. माझी पोरगी कृत्तिकेची, म्हणून तिचं नाव अ वरून ठेवलं. कृत्तिकेची अक्षरं अ, ई, उ, ए. मग अग्नीच्या पोटी हा के कसा जन्मला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सरांचं हसू मात्र जागचं हललं नाही. "ताई, तो ॲडव्हान्स भाग आहे. तो बारावीला घेतो."

"ज्या शास्त्रज्ञाच्या नावाने तो के ओळखतात, त्याने स्वतः तो कधी लिहिलाच नाही. दुसऱ्याने लिहिला. प्रकाशाच्या वेगाचा सी म्हणजे लॅटिनमधल्या 'वेग' शब्दाचं पहिलं अक्षर की नुसतं कॉन्स्टंट, यावर दोन मतं आहेत. आणि आर कुठून आला ते तर नक्की कुणालाच माहीत नाही. फक्त तुमच्या पंचांगाला माहीत!"

"कुणालाच माहीत नाही!" सरांनी तिचेच शब्द उचलले आणि पालकांकडे वळले. "एवढं शिकायला ताई कॉलेजात गेल्या होत्या! अहो, मार्क माहीत असणाऱ्याला पडतात."

आता सगळं कार्यालय हसलं. सरांनी बोट केलं. "अनुसूया, वर ये बेटा. मम्मीला सांग, आर कुठून आला?"

अनुसूया स्टेजवर गेली. तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा सरांकडे. "स्वाती नक्षत्र, देवता वायू, म्हणून आर." एका दमात. पुन्हा टाळ्या. फ्रॉक घट्ट धरलेल्या तिच्या मुठी फक्त पुनमला दिसल्या. सात वर्षांच्या लेकराला कळून चुकलं होतं की काय बोललं म्हणजे खाली बसायला मिळतं.

पुनम स्टेजवर चढली आणि तिने पोरीचा हात धरला.

"ताई, बक्षीस राहिलं—"

"राहू द्या. स्वातीला वाहा."

दारापर्यंत बायांची कुजबुज मागे आली. "शहाणी! पुढल्या साली पाया पडत येईल, बघ." तसं होईलही, पुनमला वाटलं, आणि तरी तिचा पाय थांबला नाही.

नांदेड रस्त्याच्या कडेने दोघी चालायला लागल्या. उसाचा एक ट्रॅक्टर धूळ उडवत गेला. अनुसूयेने विचारलं.

"सर खोटं बोलून राहिले व्हते?"

"व्हय."

"मग समदे टाळ्या काहून वाजवून राहिले?"

"जुळलं म्हणून. जुळलं की लोकांना पटतं."

"अन् तू म्हणलीस ते तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात वाचलं."

"पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं?"

तीन वर्षांच्या कॉलेजात हे पुनमने कुणाला विचारलं नव्हतं. पेपरात लिहिलं, मार्क घेतले, मोकळी झाली.

"माहीत न्हाई मला," ती म्हणाली.

अनुसूयेने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मघाशी शंका विचारताना पुनम सरांकडे पाहत होती ना, अगदी तस्संच. आणि पोरीचे प्रश्न परत आलेले पाहून पुनमच्या जिवाला कितीतरी दिवसांनी गार वाटलं.